हात मागे



माझा नातू 9 वर्षांचा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे, त्यामुळे स्नायू मुळातच सैल. बटण लावायला बोटांत जोर नाही आणि भिजवलेल्या कणकेला हात लागला की रडू. मीच भरवायची, कपडेही मीच घालायची. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आजी, तुमचा हात मागे घ्या." राग आला होता मला.

त्यांनी सांगितलेलं सगळं स्वयंपाकघरातच निघालं. आधी कोरडं, मग ओलं. परातीतल्या तांदळात लपवलेले चमचे शोधायचे, मग कोरडं पीठ चाळायचं, कणकेचा गोळा कितीतरी आठवड्यांनी. आपण धान्य निवडायला बसतो ना, तसा तो शेजारी बसून राजमा आणि छोले वेगळे करतो, अंगठा नि तर्जनीच्या चिमटीने. (मूल दाणे तोंडात घालत असेल तर हे नको. एरवीही जवळून उठू नका.) वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावायचं काम त्याचंच. बीकॉमची खोड, मी वहीत आकडे मांडते: पहिल्या दिवशी 4 दाणे, आता 30.

परवा देवळात निघताना शर्टाचं एक बटण त्याने स्वतः लावलं. 11 मिनिटं लागली. अभिषेक चुकला. मी दारात चपला घालून उभी, हात पाठीमागे घट्ट धरून.