वरच्या खोलीतले गृहस्थ

भाच्याने गळ घातली, "मामा, आमच्या खेळासाठी १९२०च्या सुमाराचं न्यूयॉर्कमधलं बोर्डिंग हाऊस रचून द्या." सोंगे घ्यायची, फासे टाकायचे अन् गोष्ट पुढे न्यायची, असा तो खेळ. मी लव्हक्राफ्टची १९२८ साली छापलेली 'कूल एअर' काढली. चौदाव्या रस्त्यावरचे घर, छतातून ठिबकणारा अमोनिया, वर राहणारा डॉक्टर. त्यातला निवेदक जिना चढून वर जातो तरी. स्वतःच्या दुखण्यापायी का होईना! गिरगावातल्या माझ्या लॉजिंग-बोर्डिंगात वरचे गृहस्थ रात्ररात्र खोकत. मी कानावर उशी घेई. एके सकाळी खोलीला कुलूप दिसले. मालकीणबाई बुडालेल्या भाड्याचेच बोलल्या.

"मामा, वरच्या खोलीत कोण? नाव सांगा ना!"

नाव मी कधी विचारलेच नव्हते.