वसंताच्या एका रात्रीसाठी

बंगळुरूला गेलेला मराठी पर्यटक लालबाग पाहतो, विधानसौधापुढे उभा राहून फोटो काढतो, घरच्यांसाठी म्हैसूर सिल्कची साडी घेतो आणि दुसऱ्या दिवशी म्हैसूर-उटीच्या वाटेला लागतो. शहरापासून तीसेक किलोमीटरवर, हेसरघट्टा तलावाच्या परिसरात, नाचासाठीच वसवलेले एक गाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या गावाचे नाव नृत्यग्राम.

हेसरघट्ट्याचा तलाव १८९४ मध्ये अर्कावती नदी अडवून बांधला गेला, तो बंगळुरूला पाणी पुरवण्यासाठी. त्याच्या आसपासच्या माळावर आता लाल मातीच्या पायवाटा, दगडामातीच्या भिंती आणि गवताने शाकारलेली छपरे दिसतात. गोव्याचे वास्तुशिल्पी जेरार्ड डा कुन्हा यांनी हे गाव आखले. ओडिसी नृत्याचे गुरू केलुचरण महापात्र यांना अर्पण केलेले एक मंदिरही इथे आहे. इथल्या मुली गुरुकुलात राहतात. सकाळी व्यायाम, मग तासन् तास रियाज, असा त्यांचा दिवस जातो.

हे सारे उभे केले प्रोतिमा बेदी यांनी. मुंबईतील ही गाजलेली मॉडेल सव्विसाव्या वर्षी भुलाभाई देसाई सभागृहात सहज डोकावली आणि समोर चाललेले ओडिसी नृत्य पाहून खिळून राहिली. ज्या वयात नर्तकी नावारूपाला आलेली असते, त्या वयात तिने कटकला गुरूंकडे पहिला धडा गिरवला. पुढे जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये तिने नृत्यशाळा चालवली. मग मुंबई सोडून, कर्नाटक सरकारकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या १० एकर जमिनीवर तिने हे गाव वसवले. ११ मे १९९० रोजी तत्कालीन पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले.

चाळीस हजार पाहुणे

पण बंगळुरूकरांच्या मनात नृत्यग्राम घर करून राहिले ते 'वसंत हब्बा'मुळे. कानडीत हब्बा म्हणजे सण. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एका शनिवारी संध्याकाळी सुरू होणारा नाचगाण्याचा हा उत्सव रविवारच्या पहाटेपर्यंत चाले. प्रवेश सर्वांना मोफत. शहरातले लोक सतरंज्या, शाली घेऊन येत, आसपासच्या खेड्यांतली मंडळीही येत. ज्या शास्त्रीय नृत्यासाठी शहरात तिकीट काढावे लागते, ते इथे उघड्या आभाळाखाली, मातीच्या पायऱ्यांवर बसून पाहता येई.

१८ ऑगस्ट १९९८ रोजी कैलास-मानसरोवराच्या वाटेवर, मालपा येथे दरड कोसळून प्रोतिमा बेदी गेल्या. गाव मात्र थांबले नाही. लिन फर्नांडिस यांनी व्यवस्थापन आणि गावातच घडलेल्या सुरूपा सेन यांनी नृत्याची बाजू सांभाळली. हब्बाही चालू राहिला. २००४ साली तर सुमारे ४० हजार माणसे आली होती.

त्या वर्षाच्या अखेरीस, २६ डिसेंबरला, त्सुनामीने दक्षिणेचा किनारा उद्ध्वस्त केला. २००५ चा हब्बा रद्द झाला. दुःखाचे सावट काही महिन्यांनी ओसरले, पण पैशांची अडचण ओसरली नाही. एका वर्षापुरता वाटलेला खंड लांबतच गेला.

खर्च कोणी करायचा?

पाहुण्याला सण मोफत असला, तरी यजमानाला तो कधीच मोफत नसतो. घरचे लग्न काढलेल्यांना हे सांगायला नको. कलावंतांची बिदागी, रंगमंच, दिवे, ध्वनियंत्रणा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, गाड्या लावायला जागा, बंदोबस्त आणि दुसऱ्या दिवशीची झाडलोट, असा सगळा पसारा मांडावा लागतो. कार्यक्रम, कार्यशाळा आणि देणग्या यांवर चालणाऱ्या एका गुरुकुलाने मुलींच्या शिक्षणाचा खर्च भागवावा, की चाळीस हजारांची सरबराई करावी?

तिकीट लावा, असे कोणीही सुचवील. पुण्यात १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव तिकिटावरच बहरला, हे आपण पाहतो. पण हब्बाला तिकीट लागले, तर शेजारच्या खेड्यातली आजी नातवंडांना घेऊन येईल का? मोठा प्रायोजक मिळाला तर सोपे, पण तो एखाद्या वर्षी पाठ फिरवू शकतो. शिवाय आता रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यावर निर्बंध आहेत. सवाईच्या रात्रभर रंगणाऱ्या मैफली याच कारणाने आटोपत्या घ्याव्या लागल्या.

याचे उत्तर कदाचित बंगळुरूतच सापडेल. चैत्र पौर्णिमेला धर्मराय मंदिरातून निघणारा करग उत्सवही रात्रभर चालतो. फुलांनी मढलेला करग डोक्यावर तोलत पुजारी जुन्या पेठांतून फिरतो आणि वाटेत मस्तान साहेबांच्या दर्ग्यालाही थांबतो. तो पाहायलाही तिकीट नाही. तरी तो टिकला, कारण तिगळ समाज त्याला आपले घरचे कार्य मानतो आणि सरकारी मदतीचाही त्याला हातभार लागतो. हब्बाला पाहुणे ४० हजार मिळाले, घरचे मात्र मूठभरच राहिले.

असा सण पुन्हा उभा करायचा, तर एका मोठ्या देणगीदारापेक्षा हजार छोटे वर्गणीदार अधिक मोलाचे. आपल्याकडे गल्लीतला गणपती असाच वर्षानुवर्षे चालतो. पावतीपुस्तकात ज्याचे नाव असते, तो मांडव घालायलाही येतो.

बंगळुरूला जाणे झाले, तर एक दिवस हेसरघट्ट्यासाठी राखून ठेवावा. भेटीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. लाल मातीत उमटणारा घुंगरांचा ताल ऐकावा आणि निघताना दानपेटीकडे पाठ करून निघू नये.