तिसरा सिलिंडर

२००६ च्या नोव्हेंबरात आमची पिकअप उभ्या उभ्या थरथरायला लागली. रेस दिली की शहाण्यासारखी चालायची, न्यूट्रलला सोडली की पावसात भिजलेल्या शेळीसारखी कुडकुडायची. आरसा इतका हलायचा की मागची गाडी दिसायची नाही. सायलेन्सरमधून पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर यायचा.

नारायणगावला टोमॅटोचे २० किलोचे ६० क्रेट भरायचे, माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशी गाठायची, हा आमचा धंदा. महिन्याभरापूर्वी एका गॅरेजात नोझल साफ करून घेतले होते, तेव्हापासूनचं हे दुखणं. परत नेली तेव्हा त्यांनी स्लोचा स्क्रू पिळून आयडल वाढवून दिलं. चार दिवस थरथर दबली, पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "इंजिन उतरवावं लागेल. ३५ हजार धरून चाल." मी पतसंस्थेचा फॉर्म आणला, मेव्हण्याची जामीनदार म्हणून सही घेतली आणि तो फॉर्म डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. वडिलांना यातलं काही सांगितलं नव्हतं. मी तेव्हा २३ वर्षांचा होतो.

वाशीहून रिकामा परतताना आळेफाट्याला चहाला थांबलो. गाडी चालूच ठेवली होती, बंद केल्यावर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती. टपरीमागच्या पत्र्याच्या शेडमधून एक म्हातारे मिस्त्री उठून आले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून सायलेन्सरच्या तोंडापुढे तळहात धरला आणि डोळे मिटले. हात उघडून दाखवला तेव्हा त्यावर ओले काळे ठिपके होते.

"एक जण कामावर येत नाही बेटा. बाकीचे तिघे त्याचं ओझं ओढतायत."

मग त्यांनी १७ नंबरचा पाना माझ्या हातात दिला. गाडी माझी आहे, तर मीच ऐकलं पाहिजे, असं म्हणाले. पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट फडकं धरून अर्धा आटा ढिला करायला लावला. डिझेल फसफसलं आणि इंजिन एकदम बसलं. "हा कमावता आहे. आवळ." दुसरा ढिला केला, पुन्हा इंजिन गडगडलं. तिसरा केला आणि काहीच झालं नाही. आवाज होता तसाच. चौथ्याला पुन्हा बसलं. कामावर नसलेल्याला सुट्टी दिली तर घराला काय कळणार! स्लोला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेतं, प्रत्येक सिलिंडर त्यात ४०० वेळा पेटतो. चारांतला एक गप्प बसला की तेवढ्याच वेळा खड्डा पडतो. रेस दिली की फ्लायव्हीलचा जोर तो खड्डा भरून काढतो, म्हणून गाडी पळताना बरी वाटायची. हे सगळं सांगताना त्यांना कागद हवा होता. मी कप्प्यातून हाताला लागला तो काढून दिला. त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलं, १-३-४-२. फायरिंगचा क्रम.

नोझल खराब असेल, असं मी धरून चाललो होतो. चाचांनी धरलं नाही. इंजिन निवल्यावर तिसऱ्याचं नोझल पहिल्यात आणि पहिल्याचं तिसऱ्यात बसवलं, एअर काढली आणि गाडी लावली. नोझलमध्ये दोष असता तर दुखणं आता पहिल्यात गेलं असतं. ते तिसऱ्यातच राहिलं. टॅपेट तपासले, ठीक निघाले. माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणजे बोअरच गेलं, ३५ हजार खरेच. चाचा मात्र इंजिनाकडे नुसते पाहत बसले होते. मग त्यांनी खिशातली लोखंडी पट्टी चारही नोझलच्या डोक्यांवर आडवी ठेवली. ती तिसऱ्यावर टेकली आणि डुगडुगली.

तिसरं नोझल इतरांपेक्षा जरासं वर बसलं होतं.

ते पुन्हा काढलं. खाली तांब्याचा वॉशर होताच. चाचांनी भोकात बॅटरी मारली, तासलेली सळई आत घातली आणि हलक्या हातानं फिरवत बाहेर ओढली. सळईच्या टोकाला दुसरा वॉशर अडकून आला, काजळीनं काळा, एका कडेला चेपलेला. साफसफाईच्या वेळी जुना आत चिकटून राहिला होता आणि त्याच्यावरच नवा बसवला होता. एका वॉशरच्या जाडीएवढं नोझल उचललं गेलं, डिझेलचा फवारा पिस्टनच्या खोलगट जागी पडायच्या ऐवजी भलतीकडे पडू लागला आणि अर्धवट जळून पांढरा धूर होऊन बाहेर आला. एवढंच.

जागा साफ केली, चारही वॉशर लालबुंद तापवून पाण्यात विझवून मऊ केले आणि एकेकच बसवला. वाढवलेलं आयडल खाली आणलं. बॉनेटवर ठेवलेल्या ग्लासातला चहा हिंदकळेना, तेव्हा चाचांनी तो उचलून प्यायला.

दुपारचे तीन वाजले होते. पैसे विचारले तर म्हणाले, "वॉशर तुझेच. मजुरीचे १०० दे. टोमॅटोचा बाजार पडलाय, मला माहीत आहे." इंजिन उतरवायला मी तयार होऊन आलो होतो. जामीनदाराची सही असलेला कागद त्यांच्या मांडीवर पडला होता, त्यांनी तो वाचला होता. हो म्हटलं असतं तर आठवड्याचं काम मिळालं असतं. शेडमध्ये त्या दिवशी दुसरी गाडी नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

तो फॉर्म मी भरला नाही. पेन्सिलीचे आकडे आता फिकट झालेत, पण वाचता येतात.

२०२१ मध्ये बीएस-६ पिकअप घेतली आणि पहिल्यांदा चाचांच्या घरी नेली. गॅरेज मुलगा बघत होता, चाचा ओट्यावर खाटेवर बसून असायचे. मी सांगितलं, आता पाइप ढिला करून बघायचं नाही, रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, धार कातडीत घुसते. स्कॅनर लावला की कोणत्या सिलिंडरला डिझेल कमी-जास्त करून सांभाळून घ्यावं लागतंय, त्याचे चार आकडे दिसतात. "म्हणजे विचारायचं तेच," ते म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.

मी धरून त्यांना गाडीच्या मागे नेलं. ते वाकले, सायलेन्सरपुढे तळहात धरला, डोळे मिटले. बराच वेळ तसेच राहिले.

"चारही बोलतायत."

मग हात उलटा करून पाहिला. तळव्यावर एकही ठिपका नव्हता. सवयीनं त्यांनी तो खांद्यावरच्या फडक्याला पुसला आणि विचारलं, "वडील कसे आहेत रे?"