रायफल बिघडली की आपण?

चि. मुक्ता हिस,


तुझा मेसेज वाचला. सरावाच्या शेवटी छर्रे खाली जातात, मध्येच एखादा भलतीकडे उडतो, तेव्हा रायफल गेली का, हा एक प्रश्न. टोपी-बुटातल्या अमेरिकन मंडळींचा व्हिडिओ जोडून विचारलेला दुसरा: हे लोक घरी गोळ्या भरतात, मग आपण का नाही? दुसरा आधी घेतो. तो मजेचा आहे, आणि त्यातली एक गोष्ट तुझ्या रायफलीलाही लागू पडते. पत्र उघडंच लिहितोय, कारण गेवराईपासून अंबाजोगाईपर्यंत तुझ्यासारखी आणखीही पोरं छर्रे मोजत बसलेली असतील.

तू पाहिलास त्या खेळाचं नाव काऊबॉय अ‍ॅक्शन शूटिंग. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात तो सुरू झाला. दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, लिव्हर ओढून चालवायची एक रायफल, एक शॉटगन. एकोणिसाव्या शतकातला पोशाख करायचा, टोपणनाव घ्यायचं आणि घड्याळ लावून लोखंडी पाट्या वाजवायच्या. एक पाटी हुकली की वेळेत पाच सेकंद वाढतात. आपल्याकडे नाटकाची हौस आणि नेमबाजीची हौस वेगवेगळ्या माणसांना असते. त्यांनी दोन्ही एकत्र केल्या, आणि मला तरी त्यात वावगं काही दिसत नाही.

या खेळाला गोळ्या फार लागतात. म्हणून वाजलेल्या गोळीची पितळी पुंगळी ही मंडळी वेचून ठेवतात आणि पुन्हा भरतात. बुडाला नवा प्रायमर, आत तोलून घातलेली दारू, वर शिशाची गोळी. पैसे वाचतात आणि आपल्या हाताला सोसेल असा हलका बार भरता येतो. पण भरणाऱ्याची प्रत्येक चूक पुढे बंदुकीच्या माथी येते. प्रायमर किंचित वर राहिला की रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरताना अडतं. चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग नरम केली की घोडा प्रायमरवर जोरात आदळत नाही आणि बार उडतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दारू घालायचीच राहून जाणं. मग नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. बाहेर फक्त ‘फट्’ असा आवाज. त्याकडे दुर्लक्ष करून पुढची गोळी झाडली तर नळी फाटू शकते. म्हणून त्या खेळात आवाज वेगळा आला की बाजूचा माणूसही ओरडून थांबवतो. घड्याळ चालू असलं तरी.

हे वाक्य वहीत लिहून ठेव: आवाज बदलला की थांबायचं. तुझ्या एअर रायफलीत दारू नाही, पण घाईत एकामागे एक दोन छर्रे भरले जातात, असं रेंजवर घडतं. तेव्हाही आवाज जड येतो.

आता आपण का नाही? परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, एवढं उत्तर पुरे. पुढे पन्नास मीटरच्या पॉइंट टू-टू रायफलीवर गेलीस तरी तिथे हा मार्ग नाहीच. त्या गोळीचा पेटता मसाला बुडाच्या कडेत असतो. पिन आदळून कड चेपली की ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच जातीच्या गोळ्यांवर. तिथे सगळी कला विकत घेताना. एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या आपल्या नळीतून झाडून बघायच्या आणि जो लॉट जवळजवळ पडेल तो साठवायचा.

हातानं बार भरण्याचा इतिहास मात्र तुझ्या तालुक्यात आहे. राक्षसभुवनला शनीच्या दर्शनाला जाता, तिथेच गोदेच्या काठी १० ऑगस्ट १७६३ ला पेशव्यांची आणि निजामाची लढाई झाली. निजामाची अर्धी फौज नदीपलीकडे गेलेली, अर्धी अलीकडे अडकलेली. त्यात त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवराव पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. तुझ्याहून फार मोठे नाहीत. त्या काळच्या तोड्याच्या बंदुकीत नळीतून दारू ओतायची, गोळी गजाने ठासायची, कानाशी रंजक टाकायची आणि पेटता तोडा सांभाळत नेम धरायचा. दमट हवेत यातलं काय काय दगा देऊ शकतं ते तूच मोज. श्रावणातल्या गोदाकाठी त्या बंदूकवाल्यांना केवढी काळजी वाहावी लागत असेल!

आता तुझी रायफल. मी पुण्यात याच रायफली उघडतो-जोडतो. माझ्याकडे आलेला माणूस पहिल्या वाक्यातच निकाल देतो: “साईट गेली.” किंवा, “माझाच हात गेला, मामा.” दोन्ही निकाल पुराव्याशिवायचे. डोळ्यांच्या डॉक्टरसारखं एकेक भिंग बदलून विचारायचं असतं, आता बरं की मघाशी बरं? एका वेळी एकच गोष्ट बदल आणि काय झालं ते लिही. छर्रा बदललास, साईट फिरवलीस आणि जॅकेटचं बटणही सोडलंस, तर सुधारलं कशामुळे हे तुला कधीच कळणार नाही.

आधी खाली जाणारे छर्रे. सरावाच्या सुरुवातीला ठीक आणि शेवटी खाली, म्हणजे वेळेबरोबर काहीतरी बदलतंय. पहिला संशय हवेवर. रायफलीच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक छर्‍याला सारखीच हवा मोजून देतो. दाबाचा काटा खाली गेला तरी बराच वेळ फरक पडत नाही. मात्र दाब रेग्युलेटरच्या मर्यादेखाली गेला की वेग घसरू लागतो. हिशेब कर. १७० मीटर प्रतिसेकंद वेगाचा छर्रा दहा मीटरमध्ये साधारण १७ मिलिमीटर पडतो. वेग १५० झाला की जवळपास २२. फरक ५ मिलिमीटरचा. तुझ्या टार्गेटवर एका रिंगेपासून दुसरीपर्यंत अडीच मिलिमीटर, म्हणजे हात जराही न हलता दोन रिंगा गेल्या. प्रत्येक दहा छर्‍यांनंतर काटा वहीत टिपलास तर छर्रे कुठे खाली यायला लागतात ते आपोआप दिसेल.

एक चकवा सांगून ठेवतो. डिसेंबरात संध्याकाळी २०० वर भरलेलं सिलिंडर पहाटे १८८ वर दिसतं, आणि पोरं वॉशर गळतोय म्हणून धावत येतात. गळत काही नसतं. तीस अंशांची हवा बारा अंशांवर आली की दाब तेवढा उतरतोच. दुपारी पुन्हा बघ, काटा वर आलेला असेल. आला नाही तर मात्र गळती. उन्हाळ्यात उलटं. भरलेलं सिलिंडर गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवायचं नाही. आपल्याकडचा मे महिना तुला सांगायला नको.

हवा निर्दोष निघाली तर दुसरा संशय उजेडावर. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड हवा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तुमच्या शेडमध्ये लाईट गेली आणि दोन ट्यूब इन्व्हर्टरवर चालल्या, तर काळा ठिपका पुढच्या साईटच्या रिंगेत वेगळा दिसतो आणि नेम वर-खाली सरकतो. याला दुरुस्ती नाही. त्या वेळचे छर्रे वहीत धरू नकोस, एवढंच.

तिसरा संशय जॅकेटवर. कडक कॅनव्हास घामानं नरम पडतो, पाठीचा आधार बदलतो आणि नळी हळूहळू उतरते. धुवायचं नाही, हँगरवर सावलीत वाळवायचं.

मध्येच एखादा भलतीकडे जाणारा छर्रा हे वेगळं दुखणं आहे. त्यात वेळेचा संबंध नाही, म्हणून कारणही वेगळं शोधायचं. तुझा छर्‍यांचा डबा बघायला हवा. गेवराईहून बीडला एसटीनं जाताना तो दप्तरात खुळखुळत जातो ना? साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा. त्याच्या मागच्या पातळ घेराला पोचा पडला की तो नळीत नीट बसत नाही आणि बाहेर पडल्यावर डगमगतो. काचेवर लोळवून बघ. वाकड्या घेराचा सरळ जात नाही. असे छर्रे सरावालाही वापरू नकोस. डब्यात वरून फोमचा तुकडा दाबून बसव, खुळखुळ थांबेल. छर्रे हाताळल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. शिसं आहे ते.

मग स्क्रू. दस्त्याचे, साईटचे, पुढच्या टनेलचे. बोटानं लागेल तेवढे तपास, पाना लावून पिळू नकोस. ट्रिगरच्या स्क्रूला तर हातही लावायचा नाही. युट्यूबवर बघून ट्रिगर हलका केलेल्या रायफलीच माझ्याकडे जास्त येतात. नळीत तेल घालू नकोस. फेल्टचे कोरडे बोळे पुरतात.

आणि सगळ्यात खरी परीक्षा शिकंज्याची. रायफल शिकंज्यात घट्ट लावून दहा छर्रे झाड. सगळे एकाच फाटक्या भोकातून गेले तर रायफल निर्दोष, छर्रेही निर्दोष, आणि मग तुझ्याकडे बघायचं. पसरले तर डबा बदलून पुन्हा दहा. तरीही पसरले तरच रायफल माझ्याकडे पाठव. जिल्ह्यात एका तरी रेंजवर चांगला शिकंजा असायला हवा. नवी रायफल घेण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, आणि क्रीडा खात्याने एवढं तरी करावं असं माझं म्हणणं आहे.

मोठ्यांचंही अडतं बरं. मनू भाकरच्या पिस्तुलाची लिव्हर टोकियोत ऐन स्पर्धेत मोडली. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, घड्याळ थांबलं नाही. ५७५ गुण झाले आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीच मनू पॅरिसला दोन कांस्यपदकं घेऊन आली. अभिनव बिंद्राने तर लिहूनच ठेवलंय की २००८ मध्ये बीजिंगच्या अंतिम फेरीआधी त्याची साईट हललेली होती. सरावाचा पहिलाच छर्रा पार चाराच्या घरात गेला. त्यानं आरडाओरडा केला नाही. साईट फिरवली, खात्री केली आणि सुवर्णपदक जिंकलं. यातून तू एवढंच घे: रायफल ठेवून जेवायला गेलीस की परतल्यावर पहिले दोन छर्रे तपासणीचे.

तुझ्या आईला बंदूक हा शब्दच नको असतो, आणि मी तिला दोष देत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. त्यानंतर आपल्या बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्रपरवाने असल्याचं समोर आलं, लोकांचे हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ फिरले, शंभरावर परवाने रद्द झाले. ते बघून कुठल्या आईचा जीव थाऱ्यावर राहील? तिला सांग की तुझ्या रायफलीची ताकद वीस ज्यूलच्या पुष्कळ खाली आहे, म्हणून २०१६ च्या नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. ते पुरेसं नाही. तिला एकदा रेंजवर ने. रिकाम्या रायफलीच्या नळीत सुरक्षेची पिवळी दोरी कशी घालतात, हुकूम झाल्याशिवाय कुणी छर्रा कसा भरत नाही, ‘स्टॉप’ म्हटलं की सगळ्या नळ्या कशा खाली होतात, हे तिनं डोळ्यांनी बघू दे. लग्नाच्या वरातीत पिस्तूल उगारणाऱ्याला आपल्या हत्याराचा एक स्क्रूही ठाऊक नसतो. तुला सगळे ठाऊक असतील. माझ्या लेखी नेमबाज आणि बंदूकबाज यांत फरक आहे तो इथे.

वहीतली चार पानं झाली की फोटो पाठव: तारीख, काटा, डबा, उजेड, दहा-दहा छर्‍यांचे गुण. गुण कमी असले तरी चालतील, रकाने भरलेले पाहिजेत.

आणि एक काम आजच कर. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. दहा वर्षांच्या वर झालेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि घरातही ठेवू नये. तुझी रायफल जुनी घेतलेली आहे, म्हणून विचारतो. तारीख वाचून मला फोन कर. मुदत संपली असेल तर त्यात हवा भरू नकोस, दुसरं सिलिंडर मी पुण्याहून पाठवतो.

तुझा,
मामा