आधी गोणी, मग बारबेल

निरवांगीत एका घरी गेलो, तेव्हा दारात मोटरसायकलवरून युरियाची गोणी उतरवणं चाललं होतं. उतरवणारा पोरगा पंधरा वर्षांचा, नुकताच दहावीत गेलेला. गुडघे ताठ, पाठ धनुष्यासारखी वाकलेली, मान खाली. गोणीचे दोन कान धरून त्याने हिसका दिला, ती मांडीवर घेतली, कमरेतून पिळा घेत वळला आणि ओसरीवर आपटली. गोणी ४५ किलोची. पूर्वी ५० ची यायची, २०१८ पासून ४५ ची येते. पोराचं स्वतःचं वजन ५२. ओसरीवर बसून हे सगळं बघणारे त्याचे आजोबा मला म्हणाले, "सर, ह्याला तुमी वजनं उचलाया लावनार म्हनं. नगा लावू. उंची खुंटती."

"आबा, आणि गोणी उचलून नाही खुंटत?"

"ते कामंय."

वालचंदनगर-निमसाखरपासून निरवांगीपर्यंत, नीरेच्या या काठाला मी बरीच वर्षं शाळकरी पोरापोरींना व्यायाम शिकवतोय. आबांचं हे उत्तर मी निरनिराळ्या घरांत, निरनिराळ्या शब्दांत ऐकलंय. गोणी, उसाच्या वाढ्यांची मोळी, दुधाची किटली, पाण्याचे कॅन यांना आपल्याकडे वजन म्हणत नाहीत. वजन म्हणजे लोखंड. आणि लोखंडाला भ्यायचं.

उंचीची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. या भागात उंची म्हणजे भरती. पोलीस भरतीत मुलग्याला १६५ सेंटिमीटर लागतात. त्यात एक सेंटिमीटर कमी पडला, तर सोळाशे मीटर कितीही जोरात पळत असला तरी उपयोग नाही. म्हणून आबांना मी नीट समजावून सांगतो. वाढत्या वयात लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक चकती असते, डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांब होतं ते तिथे. मुलींमध्ये ती साधारण चौदा ते सोळाच्या दरम्यान मिटते, मुलग्यांमध्ये सोळा ते अठराच्या. ती नाजूक असते हे खरं. पण तिला धोका असतो तो पडण्या-आपटण्याचा, आणि झेपत नसताना, कुणी बघत नसताना उचललेल्या जड वजनाचा. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेताच्या वजनाने केलेल्या व्यायामाने वाढ थांबत नाही, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२० च्या अहवालात स्पष्ट म्हटलंय. कबड्डीत पकडीतून सुटताना किंवा भिंतीवरून उडी मारताना गुडघ्यावर जो दणका बसतो, तो माझ्या पाच किलोच्या डंबेलपेक्षा कितीतरी मोठा असतो.

मग वेटलिफ्टर बुटके का दिसतात? कारण आखूड हातापायांच्या माणसाला वजन डोक्यावर न्यायला अंतर कमी पडतं, म्हणून तीच माणसं त्या खेळात टिकतात. बास्केटबॉल खेळून कुणी ताडमाड होत नाही, तसंच हे.

आबांना हे पटलं की नाही, सांगता येत नाही. पण त्यांनी पोराला पाठवलं.

पोरगा आला तो मोबाइलमधला तक्ता घेऊन. सोमवारी छाती, मंगळवारी बायसेप्स, बुधवारी खांदे, गुरुवारी पुन्हा छाती. पायांचा दिवस आठवड्याच्या शेवटी, म्हणजे न येणारा. हा तक्ता कुणाचा, तर दहा-दहा वर्षं घाम गाळलेल्या, स्पर्धेच्या मंचावर उभं राहणाऱ्या माणसाचा. त्यात चूक एवढीच, की आरशात समोरून जे दिसतं तेवढंच शरीर त्यात आहे. पाठ, कुल्ले, मांडीची मागची बाजू यांचा पत्ता नाही. गोणी उचलताना नेमकी हीच मंडळी कामाला लागायला हवीत आणि त्यांच्या बदल्यात बिचारी कंबर राबते.

तालमीचा व्यायाम याहून शहाणा होता, पण त्याचीही एक गंमत आहे. जोर म्हणजे ढकलणं, बैठका म्हणजे पाय. ओढण्याचं काम कुठून व्हायचं? दोर चढण्यातून आणि हौद्यातली माती फावड्याने खालीवर करण्यातून. शिवाय घरी आडाचं पाणी शेंदायचं असे. आता पाणी मोटरच्या बटणावर येतं आणि मुलांना तालीम म्हणून आठवतात त्या फक्त जोर-बैठका. शेंदणं गेलं आणि त्याबरोबर रोजच्या जगण्यातलं ओढणंच गेलं. त्यात मान खाली घालून मोबाइल, मान खाली घालून अभ्यास. खांदे पुढे आलेच समजा. म्हणून मी ढकलण्याच्या प्रत्येक व्यायामाला ओढण्याचा एक लिहितोच. आणि आकडे शेकड्यात मोजायची तालमीतली हौस नवशिक्यापुरती बाजूला ठेवतो. दोनशे बैठकांतल्या शेवटच्या दीडशे वाकड्या पडत असतील, तर अंगाला सवय वाकड्या बैठकेचीच लागते.

माझ्या कागदावर अवयवांची नावं नसतात, कामांची असतात: बसणं, वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं, एका पायावर चढणं, ओझं घेऊन चालणं. आठवड्यातले तीन दिवस, मध्ये एकेक दिवस मोकळा. सोमवारी छातीशी वजन धरून स्क्वॉट, पुशअप, एका हाताने डंबेल ओढणं आणि दोन हातांत ओझं घेऊन चालणं. बुधवारी वाकून उचलणं, डंबेल डोक्यावर ढकलणं, खाली लावलेल्या आडव्या दांड्याला लोंबून अंग वर ओढणं, पायरीवर चढ-उतार. शुक्रवारी यांतलेच चार, पण त्या आठवड्यात जे कच्चं राहिलं ते आधी. सुरुवातीला प्रत्येकी दोन सेट, दहा-बारा वेळा, महिन्याभराने तीन. अंग तापवण्यासकट पाऊण तास. बायसेप्सला वेगळा वेळ नाही म्हटल्यावर पोरांची तोंडं उतरतात. म्हणून शेवटी पाच मिनिटं देतो, मनासारखं करा म्हणून. पंधराव्या वर्षी दंडाची हौस नसेल तर कधी असायची?

यातलं वाकून उचलणं शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि सगळ्यात जास्त मजाही तिथेच येते. पहिले चार आठवडे वजन नाहीच, फक्त एक सरळ काठी. ती पाठीवर उभी धरायची. डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडाला, अशी तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता वाक. पोरगा वाकला की पहिल्या झटक्यात माकडहाडापासून काठी सुटते, म्हणजे पाठ गोल झाली. "कमरेतून वाकू नको, कुल्ले मागे ने," असं सांगून कुणालाही काही कळत नाही. मी बरेच दिवस तेच सांगत होतो. मग एकदा गोठ्यातून एक मुलगी दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या घेऊन बाहेर येताना दिसली. मागचं दार तिने न वळता, कुल्ल्याने ढकलून लावलं. पाठ सरळ, गुडघे किंचित सैल, बादल्यांतला थेंब सांडला नाही. तेव्हापासून मी एवढंच सांगतो, "हातात बादल्या आहेत, गोठ्याचं दार लाव." आबांच्या नातवाची काठी तिसऱ्या दिवशी तिन्ही ठिकाणी टेकली. मग काठीच्या जागी पाण्याचा कॅन, मग रिकामी दांडी, आणि चौथ्या महिन्यात अर्धी गोणी.

पाण्याच्या कॅनबद्दल थोडं सांगायलाच हवं. वजन वाढवायचं ते एका वेळी पाच ते दहा टक्के, हा नियम पुस्तकात वाचायला सोपा आहे. खेड्यातल्या व्यायामशाळेत सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. दांडीच्या दोन्ही बाजूंना एकेक लावली की पाच किलो वाढले; वीसचे पंचवीस, म्हणजे एकदम पंचवीस टक्के. पोरगा अडखळतो, पाठ वाकडी करून कसंबसं उचलतो आणि आपली प्रगती झाली असं त्याला वाटतं. पाण्याचं तसं नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. कॅनमध्ये दहा लिटर असताना अर्धा लिटर जास्त ओतला की पाच टक्के झाले. मापाचं भांडं प्रत्येक घरात असतं. शिवाय पाणी आत हिंदकळतं, त्यामुळे चालताना पोट आपोआप घट्ट धरावं लागतं. तिन्ही सेट बारा-बारा वेळा स्वच्छ झाले, तर पुढच्या खेपेला अर्धा लिटर. आणि प्रत्येक सेटला अजून दोनदा होईल असं वाटत असताना थांबायचं. ही शेवटची अट पोरांना सगळ्यात जड जाते.

मलाही गेली होती. सोळाव्या वर्षी जत्रेत पैजेवर दगडी गोटी उचलायला गेलो. छातीपर्यंत आली. खाली ठेवताना कमरेत कळ गेली आणि महिनाभर सायकलवर बसता आलं नाही. मला कुणी बळजबरी केली नव्हती. हट्ट माझाच होता. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य मिळवलं. सुवर्ण एका किलोने हुकलं आणि त्या प्रयत्नात त्याचा कोपर दुखावला. तो एकवीस वर्षांचा, वर्षानुवर्षं घडवलेला खेळाडू होता आणि समोर सुवर्णपदक होतं. एवढा धोका पत्करण्यासारखं माझ्या दहावीतल्या पोरासमोर काहीही नसतं. त्यामुळे 'एकदाच जास्तीत जास्त किती उचलतो' हा खेळ माझ्याकडे बंद.

मुलींच्या आयांना मी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने मे २०२२ मध्ये ग्रीसमधल्या हेराक्लिओनला ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटात १५३ किलो उचलून सुवर्ण जिंकलं. त्या स्पर्धेतलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. "पण पोरगी पुरुषासारखी दिसायला लागंल," याला मी फक्त तिचा फोटो दाखवतो. मुलींचा तक्ता मुलग्यांसारखाच असतो. फरक एवढाच, की चक्कर, धाप, फिकटपणा दिसला तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यायला सांगतो, व्यायाम नंतर.

सहा आठवड्यांनी पोरं टेप घेऊन येतात. "सर, दंड वाढलाच नाही." खरंच वाढलेला नसतो. पण पहिल्या दिवशी चार पुशअपला थरथरणारा पोरगा आता चौदा काढत असतो. सुरुवातीच्या दोनेक महिन्यांत स्नायू फारसे जाड होत नाहीत; मेंदू आणि नसा त्यांच्याकडून काम काढून घ्यायला शिकतात. आकार मागून येतो, आणि तो वयात आल्यावर, पोटात अन्न पडत असेल तरच. इथे प्रोटीन पावडरच्या डब्यांचा धंदा सुरू होतो. दोन हजारांचा डबा घ्यायला घरचे तयार असतात आणि त्याच घरातलं सगळं दूध डेअरीला जातं. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलग्याला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. दोन अंडी बारा ग्रॅम, अर्धा लिटर दूध सोळा, दोन मुठी शेंगदाणे बारा-पंधरा; उरलेलं मटकी-हुलग्याच्या कालवणात आणि भाकरीत भरून निघतं. आबा याला खुराक म्हणतात. या एका बाबतीत आमचं पहिल्यापासून एकमत आहे.

झोपेचं मात्र आम्हा दोघांचंही कुणी ऐकत नाही. रात्री एकपर्यंत रील्स आणि पहाटे पाचला धारा.

आता माझ्या तक्त्यातली एक गोष्ट, जी मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. प्रत्येक पोराच्या वहीत डाव्या पानावर घरचं काम लिहायचं असतं. 'गोण्या ४. वाढ्यांच्या मोळ्या २. पाणी धरलं रात्री.' उजव्या पानावरचा व्यायाम मी डावं पान वाचून ठरवतो. चार गोण्या झाल्या असतील तर त्या दिवशी वाकून उचलणं रद्द. दोर ओढ, पायरी चढ, घरी जा. ऊस कारखान्याला जायला लागला की घराघरांत वाढ्यांच्या मोळ्या येऊ लागतात, तेव्हा कित्येकांचं डावं पान भरलेलं आणि उजवं जवळजवळ कोरं असतं. त्याच दिवसांत फडाशेजारी तोडणीवाल्यांच्या कोप्या पडतात. त्यांतली माझ्या पोरांच्याच वयाची पोरं डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत असतात. त्यांना मोकळा दिवस नाही, दूध नाही, वही नाही. कुणी कौतुकाने "बघा, जिमशिवाय काय अंग कमावलंय" म्हणालं की मी तिथून उठून जातो.

गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आणि दुखणं, एवढी एक तक्रार मी कधीच टोलवत नाही. उंची झपाट्याने वाढताना हाड पुढे पळतं आणि स्नायू मागून ताणत येतो, त्यातून ते होतं. तेव्हा उड्या आणि खोल बैठका बंद, आणि डॉक्टरला दाखवायचं. अंग नुसतं आंबलं असेल तर दोन-तीन दिवसांत सुटतं. सांध्यातली कळ तशी सुटत नाही, हा फरक पोरांना पहिल्याच आठवड्यात समजावून देतो.

गेल्या आठवड्यात आबांचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की तक्रार आहे.

"सर, त्या पोराला काय शिकवलंय तुमी? कालच्याला गोन्या आल्या. आधी पाय मांडतंय. मग मागं सरतंय. मग श्वास घितंय. मग उचलतंय. एका गोनीला एवढा येळ! टेंपोवाला खोळंबला की वो माझा."

"कंबर दुखली का त्याची?"

"त्येची कशाला दुखतीया," आबा म्हणाले. "माजी दुखतीया. चार गोन्या म्याच उतरवल्या."