दप्तराची चेन

नाशिकच्या शालिमारला नातवाच्या दप्तराची चेन बदलून घेताना तिला बराच वेळ थांबावं लागलं. मांडीवरचं दप्तर रिकामंच होतं, तरी जड वाटत होतं.

मग बकऱ्या आठवल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर आली होती. भाम धरणामुळे विस्थापित झालेली ही वस्ती. तिथली शाळा बंद झालेली. ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’, एवढीच मागणी. शिकायला मिळणार नसेल, तर राखायला शेरडं तरी द्या.

पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काचे नियम सांगतात. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त अनुदान ठरलेलं. डागडुजी, वीजबिल, स्वच्छता सगळं त्यातच. अशा शाळांतली मुलं पुढे दहावीला मागे पडली, की चर्चा मात्र त्यांच्या गुणांची होते. ती आकडेमोड करत राहिली, जुळेना.

कारागिराने चेनीवर मेणबत्ती घासली, दोनदा ओढून पाहिली. ‘आता वर्षभर बघायला नको, मावशी.’

दप्तर खांद्याला अडकवून ती घराऐवजी उगाचच जिल्हा परिषदेच्या रस्त्याला वळली.