क्वाय नदीच्या काठी

मुलांनो, नदीवर तरंगणाऱ्या खोलीत राहायला आवडेल का? थायलंडमधल्या कांचनबुरीला आम्ही दोन दिवस तसे राहिलो. कांचनबुरी म्हणजे आपली कांचनपुरीच बरं का! क्वाय नदीचं संथ पाणी, त्यात पाय सोडून नुसतं बसायचं! समोरच्या लोखंडी पुलावरून आगगाडी हळूहळू जायची.

हा लोहमार्ग दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ साली, जपानी सैन्यानं युद्धकैदी आणि मजुरांकडून जबरदस्तीनं बांधून घेतला. मलायातून आणलेले हजारो तमिळ मजूरही त्यांत होते. उपासमारीनं, कॉलऱ्यानं कितीतरी जण गेले. गावात सैनिकांच्या कबरी नावांसकट जपल्या आहेत. बहुतेक मजुरांची नावं मात्र कुणी लिहूनही ठेवली नाहीत.

तुम्ही कधी तिथं गेलात, तर त्यांच्यासाठी नदीत एक फूल नक्की सोडा.